स्टेपनी : पाचव्या चाकाची हकीकत

पनवेलपासून पोलादपूरपर्यंत आणि रेवसपासून हरिहरेश्वरापर्यंत रायगड जिल्ह्यातील कोणत्याही नाक्यावर, टायरांची दुरुस्ती करणाऱ्या माणसापाशी ‘स्टेपनी’ हा शब्द उच्चारला, तर त्याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. मोटारीच्या चार चाकांखेरीज जवळ बाळगलेले पाचवे चाक, इतकाच तो अर्थ. शब्द इंग्रजी आहे असे सर्वांस वाटते. पण आजच्या एखाद्या इंग्रज गृहस्थास तो विचारला तर त्यास लंडनच्या पूर्वेकडील एक वस्ती आठवेल, चाक आठवणार नाही. ज्या देशातून शब्द आला तेथे तो जवळजवळ विस्मृतीत गेला आणि मराठीने, हिंदीने व बंगालीने मात्र तो घरच्या शब्दाप्रमाणे सांभाळला. भाषेच्या इतिहासात अशा गोष्टी घडत असतात. तथापि येथे नवल शब्दाचे नाही. या नावाने जी वस्तू प्रथम विकली गेली, ती आजच्या पाचव्या चाकाहून अगदी निराळी होती. ती कशी होती व ती जाऊन दुसरी कशी आली हे ध्यानात घेतले, म्हणजे मोटार बाळगणाऱ्या घरांतून पुनःपुन्हा विचारला जाणारा एक प्रश्न बराचसा उलगडतो. तो प्रश्न असा की, हे पाचवे चाक इतर चार चाकांसारखेच असले पाहिजे काय?

मोटार येण्यापूर्वी या किनाऱ्यास पाचव्या किंवा, बैलगाडीच्या हिशेबाने बोलावयाचे तर, तिसऱ्या चाकाची गरज भासली नव्हती. १८३० साली बोरघाटाचा रस्ता गाड्यांना खुला झाला आणि देशावरचा माल बैलगाड्यांतून पनवेल बंदरी उतरू लागला. तेथून पुढे मुंबईपर्यंत गलबते. या गाड्या किती लांबून येत, घाटात त्यांचे किती हाल होत, हे जुन्या प्रवासवर्णनांतून वाचावयास मिळते; परंतु कोणी गाडीवान जादा चाक बांधून निघाल्याचे वर्णन आढळावयाचे नाही. कारण उघड आहे. बैलगाडीचे चाक मोडते, पण फुटत नाही. तुंब्यात आरे ठोकावे, आऱ्यांवर लाकडाचे कडे चढवावे, लोखंडी धाव आगटीत लाल करून त्या कड्यावर बसवावी आणि वर पाणी ओतावे, की धाव आकसून सारे चाक एकजीव होते. असे चाक पुष्कळ वर्षे चालते. ढिले झालेच तर वाटेवर सुतार आणि लोहार गावोगाव होते. शिवाय दोन्ही चाके आसाभोवती आपापली सुटी फिरत. एक चाक बोटभर लहान निघाले तर गाडी किंचित कलती होई, बैलांस थोडा त्रास पडे, आणि तेवढ्यावर निभावे. एका चाकाच्या मापाचा दुसऱ्या चाकाच्या फिरण्याशी संबंधच नव्हता. तो संबंध मोटारीने जोडला, आणि सारा वाद तेथून सुरू झाला.

हवा भरलेल्या टायराची कल्पना रॉबर्ट टॉमसन नावाच्या स्कॉटिश यंत्रविशारदाने १८४५ सालीच नोंदविली होती. परंतु ती फार लवकर आली व विसरली गेली. बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डन्लॉप यांनी १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच गोष्ट पुन्हा शोधून काढली. १८९५ साली मिशलँ बंधूंनी पॅरिस ते बोर्दो या शर्यतीत हवेच्या टायरांवर मोटार उतरविली. शर्यतीत त्यांचा निभाव लागला नाही आणि टायर वाटेत अनेकदा फुटले. पण मोटारीखाली हवेची गादी घालता येते हे जगास दिसले. त्याबरोबर मोटारीस एक नवे दुखणेही जडले. रस्त्यावर अजून घोडे आणि बैल चालत होते. नालांचे व पत्र्यांचे खिळे निखळून पडत, आणि ते नेमके रबरात रुतत. टायर पंक्चर झाला म्हणजे त्या काळी चाक काढून दुसरे घालण्याची सोय नव्हती. चाक लाकडी आऱ्यांचे आणि तुंब्यास कायमचे जखडलेले. भर उन्हात वा पावसात रस्त्यावर बसून टायर कड्यावरून उचकटावा, आतील नळी काढून ठिगळ लावावे, पुन्हा सर्व जागच्या जागी बसवून पंपाने हवा भरावी. ज्याने हे काम केले असेल त्यास पुढे सांगितलेल्या युक्तीचे महत्त्व सांगावे लागणार नाही.

वेल्स प्रांतात समुद्रकाठी लानेल्ली नावाचे गाव आहे. तेथे स्टेपनी नावाच्या जमीनदार घराण्यावरून नाव पडलेला एक रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर वॉल्टर व टॉम डेव्हिस या बंधूंचे दुकान होते. त्यांनी १९०४ साली एक कडे तयार केले. त्यास आरे नव्हते, तुंबा नव्हता. नुसते लोखंडी कडे आणि त्यावर हवा भरून तयार ठेवलेला टायर. वाटेत पंक्चर झाले, की हे कडे त्या चाकाच्या बाहेरच्या अंगास लावून पकडींनी घट्ट आवळावयाचे आणि चालू लागावयाचे. रस्त्याच्या नावावरून त्यास ‘स्टेपनी’ हे नाव मिळाले व त्याचा व्यापार दूरदेशी पसरला.

ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की मूळचे स्टेपनी चाकाच्या जागी येत नसे. चाकाच्या शेजारी येत असे. ते इतर चारांसारखे नव्हते, आणि तसे असल्याचा त्याचा दावाही नव्हता. भार एका अंगास सरकत असल्यामुळे गाडी त्यावर जपून हाकावी लागे. गावापर्यंत पोहोचविणे एवढेच त्याचे काम. म्हणजे ‘पाचवे चाक चारांसारखेच असावे’ हा नियम जन्माबरोबर आलेला नाही. तो मागाहून लागू झाला.

मागाहून म्हणजे फार उशिरा नव्हे. १९०६ साली जून महिन्यात फ्रान्समध्ये ल मां येथे पहिली ग्राँ प्री शर्यत झाली. उन्हाचा तडाखा मोठा, रस्ता खडीचा, आणि टायर एकामागून एक फुटू लागले. रेनो गाडीवर बसलेल्या फेरेन्स सिस याच्या चाकांना मिशलँ कंपनीची सुटी निघणारी कडी होती. हवा भरलेला टायर कड्यासह काढावा आणि दुसरा कड्यासह घालावा. जेथे इतरांची पंधरा पंधरा मिनिटे जात तेथे त्याचे काम काही मिनिटांत आटपे. शर्यत त्यानेच जिंकली. पुढील थोड्या वर्षांत कडेच काय, सबंध चाकच चार-पाच नट सोडवून काढता येऊ लागले आणि डेव्हिस बंधूंच्या कड्याची गरज संपली. चाक काढून त्याच जागी दुसरे घालावयाचे, तर ते दुसरे चाक पहिल्याच्या तुंब्यावर बसले पाहिजे, त्याच्याच छिद्रांत बोल्ट आले पाहिजेत, त्याच्याच उंचीचे असले पाहिजे. अशा रीतीने पाचवे चाक चारांचे सख्खे भावंड झाले. नाव मात्र जुन्याचेच चालू राहिले.

आता या किनाऱ्याकडे वळावे. १९८१ पर्यंत या जिल्ह्यास कुलाबा जिल्हा म्हणत. त्याच्या मध्ये मुरूडचे जंजिरा संस्थान १९४८ पर्यंत वेगळे नांदत होते. पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री या नद्यांच्या खाड्या व राजपुरीची खाडी यांनी हा मुलूख असा कापला आहे, की नकाशावर चार कोस दिसणाऱ्या गावास जावयास चाळीस मैलांचा वळसा पडे. त्यामुळे मुंबईचा खरा रस्ता पाण्यातूनच होता. आगबोटीने रेवसला किंवा धरमतरला उतरावे आणि पुढे मोटार धरावी, ही विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणातील नित्याची रीत होती. या मोटारी खाजगी मालकांच्या. त्या कोणास घेत व कोणास घेत नसत, हा प्रश्नही तेव्हा लहान नव्हता. १९२७ च्या डिसेंबरात डॉ. आंबेडकर महाडच्या सत्याग्रहासाठी निघाले तेव्हा धरमतरची वाट सोडून ‘पद्मावती’ बोटीने हरिहरेश्वराकडून दासगावला गेले; धरमतरच्या बाजूने मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला असता तर अडकून पडावे लागले असते, आणि दासगावाहून महाड पाचच मैल, पायी जाता येण्याजोगे. मोटारीवर सर्वस्वी विसंबू नये ही त्या योजनेतील सावधगिरी होती.

दुसऱ्या महायुद्धाने टायराची किंमत लोकांस शिकविली. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले. मलाया आणि पाठोपाठ डच ईस्ट इंडीज जपानच्या हाती गेले. जगातील नैसर्गिक रबराचा फार मोठा भाग याच प्रदेशांतून येत असल्यामुळे दोस्त राष्ट्रांची गाडी अक्षरशः चाकांवाचून थांबण्याची वेळ आली. अमेरिकेसारख्या मोटारींच्या देशात १९४२ च्या जानेवारीतच टायरांचे रेशनिंग सुरू झाले, आणि त्याच वर्षी असे ठरले की एका खाजगी मोटारीमागे पाचच टायर जवळ ठेवता येतील. जास्त असतील ते सरकारास विकावेत. चार चाके आणि एक स्टेपनी, हा हिशेब अशा रीतीने कायद्याने मान्य झाला. हिंदुस्थानात हुगळीकाठी साहागंज येथे डन्लॉप कंपनीचा कारखाना १९३६ पासून चालू होता आणि मुंबईत शिवडीस फायरस्टोन कंपनीचा कारखाना होता. तरी लष्कराची गरज आधी भागवावी लागे. टायरांवर नियंत्रण आले, पेट्रोल मापून मिळू लागले, मोटारींच्या मागे कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या बसल्या. झिजलेल्या टायरावर नवा थर चढविणे, फाटलेल्या टायरात जुन्या टायराचा तुकडा अस्तरासारखा घालणे, असल्या युक्त्या सर्वत्र रूढ झाल्या. पाचवे चाक चारांसारखे असावे की नाही हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नसता. ते असावे, एवढीच इच्छा.

युद्धानंतर १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी मोटार धावली आणि मुंबई प्रांतात एस. टी.चा आरंभ झाला. या नव्या खात्याच्या आरंभीच्या गाड्यांची यादी मोठी मनोरंजक आहे : शेव्हर्ले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट, अशा दहा बनावटी. दहा बनावटी म्हणजे चाकांच्या छिद्रांची व कड्यांच्या मापांची तितकीच भिन्नता. एका गाडीची स्टेपनी दुसरीस लागेलच असे नाही. वाटेत अडकलेल्या गाडीस मागून येणाऱ्या गाडीने आपले चाक द्यावे, ही साधी माणुसकी अशा वेळी निरुपयोगी ठरते. पुढे गाड्यांच्या बनावटी कमी होत गेल्या, त्यामागे जी कारणे होती त्यांत ही अडचण लहान नसावी. खेड्यापाड्यांच्या वाहतुकीत पाचव्या चाकाचा प्रश्न एका गाडीपुरता राहत नाही, साऱ्या ताफ्याचा होतो.

येथे थोडे यंत्रशास्त्र सांगणे अवश्य आहे, कारण त्यावाचून ‘सारखे’ या शब्दाचा अर्थच लागत नाही. मोटारीच्या ज्या दोन चाकांना इंजिनाचा जोर मिळतो, ती दोन्ही एका दंतचक्रांच्या पेटीने जोडलेली असतात. या पेटीस डिफरन्शियल म्हणतात. वळणावर बाहेरचे चाक जास्त अंतर कापते व आतील कमी. दोहोंस निरनिराळ्या वेगाने फिरू देणे हे तिचे काम. गाडी सरळ चालली असता ही दंतचक्रे जवळजवळ स्वस्थ असतात. आता एका बाजूचे चाक दुसऱ्याहून लहान असेल, तर सरळ रस्त्यावरही लहान चाकास जास्त फेरे घ्यावे लागतात, आणि जी पेटी केवळ वळणापुरती राबावयाची ती अखंड राबू लागते, तापते, झिजते. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत हे दुखणे आणखी वाढते. युद्धानंतर मुंबईत जुळणी होऊन ज्या जीप गाड्या कोकणच्या कच्च्या रस्त्यांवर दिसू लागल्या, त्यांत पुढच्या व मागच्या चाकांना एकदम जोर दिला असता लहान-मोठ्या चाकांचा ताण दांड्यांत पिळासारखा साठत जातो. अलीकडील गाड्यांत ब्रेक लावताना चाक घसरू न देणारी जी विद्युत्‌-योजना असते, तीही प्रत्येक चाकाचे फेरे मोजूनच निर्णय घेते. एका चाकाचा हिशेब वेगळा आला, की ती संभ्रमात पडते.

म्हणून पाहावयाचे ते चाकाच्या नावाकडे किंवा रूपाकडे नव्हे, तर एका फेऱ्यात ते किती जमीन कापते याकडे. या दृष्टीने एक उदाहरण घेण्यासारखे आहे. हल्ली अनेक घरगुती मोटारींस चार चाके १८५/६५ आर १५ या मापाची, मिश्रधातूच्या चकचकीत कड्यांची देतात, आणि स्टेपनी म्हणून १६५/८० आर १४ या मापाचे साधे पोलादी चाक देतात. ग्राहकास वाटते, कंपनीने फसविले. आता आकडे मांडून पाहावेत. पहिला आकडा टायराची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा त्या रुंदीच्या शेकडा किती उंचीची बाजू आहे ते सांगतो, शेवटचा कड्याचा व्यास इंचांत. १८५ चे शेकडा ६५ म्हणजे १२०.२५, दोन्ही बाजूंची मिळून २४०.५, त्यात १५ इंचांचे ३८१ मिळविले म्हणजे चाकाची एकंदर उंची ६२१.५ मिलिमीटर. दुसऱ्याचे १६५ चे शेकडा ८० म्हणजे १३२, दुप्पट २६४, त्यात १४ इंचांचे ३५५.६ मिळवून ६१९.६. दोहोंत फरक दोन मिलिमीटरांहूनही कमी! दिसावयास परके असलेले हे चाक उंचीने घरचेच आहे. रुंदी कमी असल्यामुळे त्याची जमिनीवरील पकड थोडी निराळी, तेव्हा ते जपून वापरावे हे खरे. पण ते फसवणुकीचे लक्षण नाही.

याच्या उलट गोष्ट पाहा. एका गृहस्थाच्या गाडीची पाचही चाके एकाच मापाची, एकाच कंपनीची, एकाच दिवशी घेतलेली आहेत. चार चाके तीन-चार वर्षे धावली. स्टेपनी डिकीत झाकून राहिली. नव्या टायरावर नक्षीची खोली सुमारे ८ मिलिमीटर असते. झिजून ती २ मिलिमीटर राहिली असे धरले, तर त्रिज्येत ६ आणि व्यासात १२ मिलिमीटरांचा फरक पडला. कायद्याने मोटारीच्या टायराची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजलेली चालते, तेव्हा हे उदाहरण काही अतिशयोक्तीचे नाही. ६२० मिलिमीटरांचे नवे चाक एका किलोमीटरात सुमारे ५१४ फेरे घेते आणि ६०८ मिलिमीटरांचे झिजलेले चाक सुमारे ५२४. म्हणजे दर किलोमीटरास दहा फेऱ्यांचे अंतर. अलिबागेस पंक्चर झाल्यावर पेणपर्यंत तीस किलोमीटर गेले तरी तीनशे फेरे! नावाने जुळे असलेले चाक, नावाने परक्या असलेल्या चाकापेक्षा सहा पट अधिक विजोड निघाले. एखादे वेळी अल्प अंतर गेल्याने गाडीस इजा होत नाही. पण ‘कंपनीचीच आहे, आता हीच राहू द्या’ असे म्हणून महिनोगणती गाडी हाकणारे लोक पुष्कळ असतात, आणि त्यांची समजूत ही की आपण नियम पाळला.

या दोषावर जुन्या ड्रायव्हरांचा उपाय सोपा होता. पाचही चाके पाळीपाळीने जमिनीवर आणावयाची. ज्या काळात फियाट गाड्यांचे ५.२०-१४ आणि अ‍ॅम्बॅसडरचे ५.९०-१५ हे माप टायरवाल्यांच्या तोंडी पाठ असे, त्या काळात स्टेपनी ही पाच कामकऱ्यांतील एक रजेवरचा कामकरी असे. आज रजेवर, उद्या कामावर. झीज पाचांत वाटली जाई आणि अडचणीच्या वेळी जे चाक बाहेर येई ते इतरांइतकेच वापरलेले असे. हल्ली ही पद्धत मागे पडली आहे. काही टायरांची नक्षी एकाच दिशेने फिरण्यासाठी कोरलेली असते; तशी स्टेपनी गाडीच्या एकाच बाजूस योग्य बसते. कड्यांचे माप निराळे असले तर पाळी लावताच येत नाही.

माप एक असूनही जात वेगळी असू शकते, हा तिसरा प्रकार. आणि धोक्याच्या दृष्टीने तोच अधिक वाईट. जुन्या टायरात सुताचे थर एकमेकांवर तिरपे ओढलेले असत. मिशलँ कंपनीने १९४६ साली हक्क नोंदवून पुढे बाजारात आणलेल्या रेडियल टायरात धागे काठापासून काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि वर पोलादी पट्टा असतो. वळणावर दोन्ही प्रकार अगदी निरनिराळ्या रीतीने वागतात. आपल्याकडे रेडियलचा प्रसार झाला तेव्हा चार नवे टायर घ्यावेत आणि जुन्यांतील त्यातल्या त्यात बरा टायर स्टेपनीस ठेवावा, हा मोह स्वाभाविक होता. काटकसर म्हणून तो हिशेब वाईट नाही. परंतु एकाच आसावर एका बाजूस रेडियल आणि दुसऱ्या बाजूस तिरप्या थरांचा टायर आला, आणि त्याच वेळी कार्ले खिंडीचे किंवा कशेडी घाटाचे ओले वळण समोर आले, म्हणजे काटकसरीचा हिशेब तेथेच मोडतो. एका आसावर दोन जाती मिसळू नयेत, यावर सर्व जाणत्यांचे एकमत आहे.

जड वाहनांची गोष्ट याहून गंभीर. १९८९ साली उरण तालुक्यात न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि ज्या किनाऱ्यावर मिठाच्या व भाताच्या गाड्या चालत तेथे पोलादी पेटारे वाहणाऱ्या ट्रेलरांची रांग लागली. या वाहनांच्या मागच्या आसांवर एका बाजूस दोन दोन टायर चिकटून असतात. त्यांतील एक उंच व एक बुटका असला तर दोघे मिळून भार घेत नाहीत. उंच टायर जवळजवळ सगळा भार घेतो, तापतो आणि फुटतो, आणि बुटका जमिनीवर घासत जातो. दोघांस एकाच वेगाने फिरणे भाग असल्यामुळे येथे डिफरन्शियलची दयाही नाही. आतील टायरात हवा कमी झाली तर ती बाहेरून दिसतही नाही. म्हणून मुक्कामावरून निघताना अनुभवी चालक प्रत्येक टायरावर लोखंडी पाना आपटून आवाज ऐकतो. त्या आवाजावरून त्यास जे कळते ते पुष्कळ मोटारमालकांस मापकयंत्राने कळत नाही. ट्रक व बस यांच्या स्टेपनीवर आणखी एक ओझे असते. नवे टायर पुढे आणि थर चढविलेले टायर मागे, असा सामान्य प्रघात आहे, कारण पुढचा टायर फुटला तर सुकाणू हातात राहत नाही. स्टेपनी मात्र एकच. ती कोणत्या जागी लागेल हे आधी सांगता येत नाही. मागे चालण्याजोगी स्टेपनी पुढे लावून घाट उतरणे, हा प्रकार सक्तीने बंद असावयास हवा.

युरोप-अमेरिकेत दरम्यान चक्र उलटे फिरले. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत जागा वाचविण्यासाठी लहान, अरुंद अशी तात्पुरती स्टेपनी निघाली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ६४ क्रमांकाच्या नियमाने तिच्यावर ताशी ८० किलोमीटरांची मर्यादा ठळक लिहावी असे ठरविले. भारताच्या मोटार-मानकांतही त्याच धर्तीची तरतूद आहे. तिच्यात हवाही बहुधा नेहमीच्या टायराच्या जवळजवळ दुप्पट दाबाने भरावी लागते. नीट पाहिले तर ही डेव्हिस बंधूंच्या कड्याचीच नवी आवृत्ती : चारांसारखी नाही, तसा दावा नाही, गावापर्यंत पोहोचवावयाची. फरक इतकाच की जुने स्टेपनी पाहताच परके वाटे आणि चालक आपोआप जपे. नवी तात्पुरती स्टेपनी चाकाच्या जागीच बसते आणि दहा मिनिटांत तिचा विसर पडतो. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून न्हावा-शेव्यास जाणारा अटल सेतू खुला झाला. त्यावर मोटारींस ताशी १०० किलोमीटरांची मुभा आहे. जेथे रस्ता शंभराची परवानगी देतो तेथे ऐंशीचे चाक लावलेला माणूस ऐंशीवर राहतो काय, हे ज्याचे त्याने पाहावे.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांस आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे खारा वारा. मोठ्या गाड्यांची स्टेपनी पोटाखाली साखळीने टांगलेली असते. काशीदच्या व दिवेआगरच्या पुळणीवर गाडी उतरविण्याची हल्ली हौस झाली आहे. तेथील खारे पाणी साखळीत व चाकाच्या कड्यात मुरते आणि ज्या दिवशी चाक हवे त्याच दिवशी साखळी गंजून बसलेली आढळते. रबर न चालताही म्हातारे होते. टायराच्या कुशीवर चार अंकी खूण असते. पहिले दोन अंक वर्षातील आठवड्याचे आणि पुढील दोन वर्षाचे. ‘२३१४’ असे असेल तर तो टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. टायर करणाऱ्या कंपन्या साधारणतः दहा वर्षांनंतर, नक्षी कितीही शाबूत असली तरी, टायर काढून टाकावा असे सांगतात. डिकीतील कोऱ्या दिसणाऱ्या स्टेपनीची ही खूण किती जणांनी वाचली असेल याविषयी शंका आहे.

जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, चालकाखेरीज आठपर्यंत आसने असलेल्या व साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांस स्टेपनी नसली तरी चालेल असे ठरविले. अटी अशा की टायर बिननळीचे असावेत, हवेचा दाब कमी झाल्यास सूचना देणारे यंत्र असावे आणि पंक्चर बुजविण्याचे साहित्य जवळ असावे. विजेच्या गाड्यांतील बॅटऱ्यांना जागा हवी, हेही एक कारण सांगितले गेले. पाचवे चाक सारखे असावे की निराळे हा वाद अशा रीतीने एका तडाख्यात निकालात निघतो, कारण पाचवे चाकच नाही. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर यात मोठीशी अडचण नाही. परंतु हे साहित्य टायराच्या धावत्या भागातील खिळ्याएवढे छिद्र बुजविते. कुशीस पडलेली चीर त्याने सांधत नाही. आणि दिघी ते श्रीवर्धन, किंवा बागमांडल्याहून वर चढणाऱ्या रस्त्यावर पावसाळ्यात खड्ड्याच्या धारदार काठाने टायर फाटतो तो बहुधा कुशीतच. तेव्हा आगरदांड्याची शेवटची फेरी निघून गेलेली असते, आणि गाडी उचलून नेणारे वाहन माणगावाहून यावे लागते.